अर्ध्या दाढीचा हेडमास्तर

चिंचखड्याला तीन सलून आहेत. पण गावच्या शाळेचा हेडमास्तर केस कापायला आणि दाढी करायला एसटीने तालुक्याला जातो. पाहुण्यांना वाटते, गावाने मास्तरांवर बहिष्कार टाकला आहे. तसे काही नाही. खुर्ची सगळ्यांना मोकळी आहे. हेडमास्तरच बसत नाहीत, आणि का बसत नाहीत हे पारावरची म्हातारी माणसे ज्याला त्याला मोठ्या आवडीने सांगतात.

संस्थानी काळातली गोष्ट. शाळा नुकतीच चौथीपर्यंत झाली होती आणि तिच्यावर सांगवीकर नावाचा हेडमास्तर आला होता. असे सांगतात, की या गृहस्थाला शिकवण्यापेक्षा फळ्यावर सूचना लिहिण्याचा नाद फार. आल्या आल्या त्याने शाळेच्या दारावर हुकूम लावला : गळ्यात, दंडात, कपाळावर किंवा डोक्यावर धर्माची खूण घेऊन कोणत्याही मुलाने शाळेत येऊ नये. झाले! माळकऱ्याच्या पोराची माळ उतरली, अत्ताराच्या पोराचा ताईत सुटला, धनगराच्या पोरांचा भंडारा हौदावर धुऊन निघाला. शाळेबाहेरच्या बाभळीला माळा-ताइतांची गाठोडी लटकू लागली. मास्तरच्या स्वतःच्या कपाळावरचे ठसठशीत गंध मात्र धर्मात मोडत नव्हते. ते म्हणे स्वच्छतेत मोडत होते. पाटलाने या सगळ्याला मान डोलावली. मान डोलावण्यापलीकडे त्या मानेचा कुणाला कधी उपयोग झाल्याचे ऐकिवात नाही.

सगळ्या पोरांचे उतरले, पण केरबाचे उतरण्यासारखे नव्हते. ठकूबाईची आधीची तीन लेकरे पाळण्यातच गेली होती. चौथा हा केरबा. तो जगावा म्हणून तिने टेकडीवरच्या पिराला नवस बोलला आणि पोराच्या डोक्यावर शेंडी राखली. नवव्या वर्षी उरसाच्या दिवशी ती पिराच्या पायरीवर उतरायची, तोवर तिला लोखंड लागायचे नाही. गावचा न्हावी रंभाजी वारीक नवस बोलताना तिच्याबरोबर पायरीवर उभा होता. "हिला पयला वस्तरा माझाच लागंल, आन् हितंच लागंल," असा शब्द त्याने पिरासमोर दिला होता. उरसाला आता दोन महिने उरले होते.

तेवढ्यात दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, दुसऱ्या दिवशी येणार असल्याची चिठ्ठी आली. मास्तरने रंभाजीला बोलावून सांगितले, "साहेब यायच्या आत त्या पोराची शेंडी काप. नाहीतर त्याचे नाव पटावरून कमी करतो आणि तुला चावडीत बसवतो."

त्या रात्री ठकूबाई रंभाजीच्या दारात येऊन रडून गेली. "दादा, साळंतनं नाव गेलं तर पोरगं माझ्यावानीच आंगठा उठवंल. आन् शेंडी गेली तर..." रंभाजीही अंगठेबहाद्दरच. पाटीवर अक्षर काढणारे पोर त्याला देवाघरच्या माणसासारखे वाटे. ते पोर शाळेतही राहावे आणि जगातही राहावे, एवढेच त्याला हवे होते, आणि ते कसे व्हावे हे काही सुचत नव्हते.

वाट दाखवली ती मास्तरच्याच अकलेने. ज्या न्हाव्याला काल चावडीची धमकी दिली, त्याच न्हाव्यापुढे हा शहाणा दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर येऊन बसला. साहेबांपुढे गुळगुळीत दिसायचे होते ना! स्वतःची दाढी स्वतः करण्याची रीत तेव्हा नव्हती, आणि गावात वस्तरा एकच. ठकूबाई केरबाला घेऊन पाराखाली उभी होती. मास्तरची हजामत आटोपली की तिच्या पोराची पाळी, असे मास्तरनेच फर्मावले होते. सारा गाव बघायला जमला होता.

रंभाजीने मास्तरची पगडी बाजूला ठेवली, डोके भिजवले, वस्तरा पट्ट्यावर घासला. टाळू करता करता तो थांबला. मधोमध चांगली लांब शेंडी होती.

"मास्तर, ही ठिवायची का काढायची?"

"खबरदार हात लावशील तर! घराण्याची शेंडी आहे ती. धर्म आहे तो."

"आन् केरबाची?"

"तो अडाणीपणा आहे."

रंभाजीने डोके पुरे केले, डावा गाल साफ केला, डावी मिशी कातरून ओठापाशी आणली. उजव्या गालावर आठ दिवसांचे खुंट तसेच होते आणि उजवी मिशी केरसुणीसारखी पसरलेली होती. तिथे त्याने वस्तरा मिटला.

"ऱ्हायलेली दाढी मग करू. आदी लिवून द्या. केरबाची शेंडी ऱ्हाईल आन् नाव बी ऱ्हाईल."

मास्तर आधी ओरडला, मग पाटलाकडे बघू लागला. पाटील पिंपळाकडे बघू लागला. लांबून टांग्याची धूळ दिसत होती. तेव्हा मास्तरने मुकाट्याने कागद मागवला, भराभर चार ओळी खरडल्या आणि न्हाव्याच्या हातात दिल्या. "घे. हा शाळेत असिस्टंट मास्तरांना नेऊन दे. आता उरलेली कर."

रंभाजीने कागद घेतला आणि पाराखाली हाक मारली. "केरबा, वाच रं."

पोराने कागद दोन्ही हातांत धरला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचला. "न्हावी माझ्या अर्ध्या दाढीवर अडून बसला आहे. साहेब जाताच मुलाची शेंडी कापावी, नाव पटावरून कमी करावे आणि न्हाव्यास चावडीत बसवावे."

आपण शिकवलेले पोरांना खरेच येत असेल, असे त्या मास्तरला स्वप्नातही वाटले नव्हते.

"धरा त्याला!" मास्तर किंचाळला. पाटलाच्या अंगात एकदम बळ आले. दोन माणसे पुढे झाली, तसा रंभाजी उठला. त्याने वस्तरा, कात्री, वाटी धोकटीत भरली आणि अख्खी धोकटी शेजारच्या आडात टाकून दिली. त्याच्या सात पिढ्यांची भाकर त्या धोकटीत होती. ती पाण्यात पडल्याचा आवाज ऐकून त्याचे डोळे भरून आले, असे सांगतात. पण उजवा गाल आता पाटलाच्या बापालाही करता येणार नव्हता.

टांगा आला. साहेब उतरले. मास्तर उपरण्याने अर्धे तोंड झाकून नमस्कार करू लागला, तो वाऱ्याने उपरणे उडाले. साहेबही काही मोठा न्यायी पुरुष नव्हता. शेंडी कुणाची, नवस कुणाचा, त्याने विचारलेसुद्धा नाही. त्याने मास्तरकडे एकवार पाहिले, खोकल्यासारखे केले, पोरांकडून दोन पाढे म्हणवून घेतले आणि शेरेबुकात एकच शेरा लिहिला : हेडमास्तरांनी स्वतःच्या टापटिपीकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर टापटिपीचा, खुणांचा कसलाच शब्द काढायची त्या तोंडाला सोय राहिली नाही. दारावरचा हुकूम आपोआप उतरला आणि केरबाचे नाव पटावर राहिले. बाभळीवरची गाठोडी पोरांनी घरी नेली. रंभाजीला तीन दिवस चावडीत बसवले, तेवढी मर्दुमकी पाटलाने दाखवली. उरसाच्या दिवशी शेजारच्या गावाहून मागून आणलेल्या वस्तऱ्याने रंभाजीने पिराच्या पायरीवर केरबाची शेंडी उतरवली. ठकूबाईने हातातले चांदीचे कडे मोडून त्याला नवी धोकटी करून दिली. उन्हाळ्यात आड आटला की तळाशी वस्तरा चमकतो म्हणे. गंजलेले लोखंड कसले चमकते! पण सांगणारे सांगतात, आणि पोरे वाकून बघतात.

आजही शाळेचा कुठलाही हुकूम दारावर लागण्याआधी पारावर येतो आणि एखादे लहान पोर तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते. गेल्या जूनमध्ये नवे हेडमास्तर सर आले. त्यांच्या हातातही असाच एक कागद होता. चौथीतल्या शबानाने तो वाचला : गळ्यात, हातात, कपाळावर, डोक्यावर काही चालणार नाही. वाचून झाले तेव्हा रंभाजी वारकाच्या वंशातला बबन आपल्या सलूनच्या दारात उभा होता. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने खुर्ची झटकली आणि अगदी आदराने म्हणाला, "या, बसा की सर."

सरांनी शबानाच्या हातून कागद घेतला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि तालुक्याची अकराची एसटी पकडली.