तराजू आणि मिठाची बरणी

भांडीकुंडी अजून बोलत होती त्या काळची गोष्ट. कुमुदिनीबाईंच्या परसात टोमॅटोची दोन झाडं होती, एक संकरित आणि एक गावरान. जे जास्त पीक देईल तेच पुढच्या साली लावायचं, असं बाईंनी ठरवलं. वजनाचं काम आपल्याकडे आलं म्हणून तराजू भलताच ताठ्यात होता.

हंगाम संपल्यावर त्याने निकाल दिला. "संकरित, अकरा किलो. गावरान, एक टोमॅटो."

बाईंनी मान डोलावली आणि त्या एका टोमॅटोच्या बिया काढून पुढच्या साली चार आळी करून त्यांत लावल्या.

तराजू चिडला. "माझ्या मापात खोट होती का?"

"मुळीच नाही," मिठाची बरणी म्हणाली. "पण बाई रोज सकाळी मला घेऊन त्या गावरान झाडापाशी जायच्या आणि तोंड पुसत परत यायच्या. हंगामभरात मी दोनदा रिकामी झाले."