चवड्यांवर चालणारी साळिंदरं

एका उंच डोंगररांगेवर, कारवीच्या दाट रानात, साळिंदरांचे एक कुटुंब राहत असे. कुटुंबात एक आजोबा होते, आजोबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा एक काका होता, डोळ्यांनी अधू झालेली एक आत्या होती आणि एक तरुण साळू होती. साळूची आई गेल्या उन्हाळ्यात वारली. तेव्हापासून आत्याच तिचे सगळे करीत असे.

उन्हाळा तापला की रानातला झरा आटायचा. मग हे कुटुंब डोंगरमाथ्यावरची लांबलचक वाट धरून पलीकडच्या खोऱ्यातल्या नदीवर जाई. ही वाट करवंदाच्या जाळ्यांमधून निघे, खिंड ओलांडी आणि शेवटी काळ्या कातळाच्या उघड्या पठारावरून खाली उतरे. आणि या वाटेवर साप होते.

मुलांनो, 'साप होते' असे मी सरळ लिहून टाकले. साळिंदरांच्या घरात मात्र हे उच्चारायचीही बंदी होती. नाव घेतले की ते येते, अशी आजोबांची पक्की समजूत. त्यामुळे नाग असो, घोणस असो, फुरसे असो की कुणाला न चावणारी बिचारी धामण असो, सगळ्यांना एकच शब्द : 'लांबडं'. दुसरा नियम असा, की वाटेवर चवड्यांवर चालायचे. अंगावरचे काटे घट्ट मिटून घ्यायचे, शेपटीचा खुळखुळा वाजू द्यायचा नाही. का? 'लांबड्याला जाग येईल म्हणून.' संपले. पुढे कुणी 'का' विचारले, तर ते आगाऊ.

साळू आगाऊ होती.

निघायच्या दिवशी उन्हे कलली, तशी ती काकाला उठवायला धाडकन त्याच्या बिळात शिरली. काका दचकून उठला आणि त्याचे डोके छताला आपटले. आत्या बाहेरून ओरडली, "अगं, खाकरून जावं! किती वेळा सांगायचं? दुसऱ्याच्या दारात शिरताना पाय आपटावा, शेपूट वाजवावी. आतला बिचारा झोपलाय की जेवतोय, आपल्याला काय ठाऊक! न सांगता गेलं की तोही दचकतो आणि आपलंही थोबाड फुटतं."

"चुकलं, आत्या," साळू म्हणाली. आत्यापुढे ती चटकन नमते घेत असे. आत्या रागावली तरी कारण सांगून रागवायची.

आजोबांनी सगळ्यांना रांगेत उभे केले. "मी पुढं. माझ्यामागं काका, मग आत्या. पोरीनं शेवटी राहायचं आणि तोंड मिटून चालायचं. गेल्या वर्षी काय झालं ते विसरू नका."

विसरेल कोण? गेल्या वर्षी त्या काळ्या पठारावर साळूच्या आईला लांबड्याने दंश केला होता. नदी समोर दिसत होती आणि आई तिथेच बसली. ती पुन्हा उठली नाही.

"आजोबा, आई तर नियमानंच चालत होती," साळू म्हणाली. "चवड्यांवर, काटे मिटून. मग नियमाचा उपयोग काय झाला?"

"बघा, सुरू झालं!" आजोबा म्हणाले. "अगं, माझे काटे उगाच नाही पांढरे झाले."

"आजोबा, आपले काटे जन्मापासूनच अर्धे पांढरे असतात."

आत्याला हसू आले. तिने ते खोकल्यात लपवले. काकाने चुकून मान डोलावली आणि आजोबांनी वळून पाहताच थांबवली.

वाट सुरू झाली. सगळे चवड्यांवर, चोरासारखे. करवंदाच्या जाळ्या आल्या, तेव्हा साळूच्या पोटात कावळे ओरडत होते. रांग पुढे सरकली आणि ती हळूच वाट सोडून एका जाळीत शिरली. करवंदे काळीभोर पिकली होती. तिने पुढचा पाय वाळल्या पाल्यावर टेकवायला उचलला, तोच पाल्यातून आवाज आला :

"फुस्स्स्स!"

कुकरची शिट्टी अडकली की वाफ कशी सुटते, तसा तो आवाज होता. साळूचा पाय हवेतच राहिला. पाल्याच्या रंगात रंग मिसळून, पाठीवर साखळीसारखे ठिपके मिरवत, एक जाडजूड घोणस वेटोळे करून बसली होती. साळूचा पाय तिच्या पाठीवरच पडणार होता.

"डोळे आहेत की करवंदं लावलीत?" घोणस म्हणाली.

साळू म्हणाली, "मला… मला चावणार का?"

"चावायचं असतं तर फुस्स कशाला केलं असतं? घसा सुकला माझा." घोणसीने मान जरा मागे घेतली. "विष म्हणजे माझ्या जेवणाची शिदोरी आहे, बाई. ते उंदरासाठी राखून ठेवावं लागतं. तुझ्यावर सांडून मला काय मिळणार? एवढ्या काट्यांसकट गिळणार आहे का मी तुला?"

साळूला क्षणभर भीतीचा विसर पडला. "मग तुम्ही आधीच बाजूला का नाही झालात?"

"मला कळायला नको? तुझ्यासारखे बाहेर आलेले कान मला नाहीत. माझा जबडा जमिनीला टेकलेला असतो. जमिनीतून पावलांचा धक्का आला, की मी समजते कुणीतरी येतंय. मी जड बाई, झटकन हलता येत नाही मला. पण आधी कळलं तर सरकते, नाही सरकता आलं तर आवाज देते. तुम्ही मात्र येता चवड्यांवर! आत्ताही तू अगदी जवळ येईपर्यंत मला खबर नव्हती. अंगावर सावली पडली, तेव्हा तू दिसलीस."

"आम्ही तुम्हाला जाग येऊ नये म्हणून तसं चालतो."

"कुणी शोधून काढलं हे?"

"आजोबांनी. नाहीतर त्यांच्या आजोबांनी."

"त्यांना कधी विचारलं होतं का कुणी, की बाबांनो, लांबड्याशी बोलून बघितलंत का?" घोणस पुन्हा फुसफुसली, पण यावेळी ती हसत होती. "आणि मला घोणस म्हणतात. लांबडं काय लांबडं! जाडी बघून तरी बोलावं."

साळू मात्र हसली नाही. तिने खालच्या आवाजात विचारले, "काळ्या पठारावर कोण राहतं?"

"फुरसी. लहानशी, मातीच्या रंगाची. सपाट दगडांच्या आडोशाला बसतात. का गं?"

"गेल्या वर्षी तिथं माझी आई गेली."

घोणसीने विचारले, "कशी चालत होती?"

"चवड्यांवर."

घोणस जड अंगाने हळूहळू सरकली आणि जाळीतली जागा मोकळी झाली. "पाय आपटत जा, पोरी," जाता जाता ती म्हणाली. "फुरसं लहान असलं तरी माणुसकीचं… आपलं, सापुसकीचं आहे. विचारलंस तर उत्तर देईल."

साळू धावत रांग गाठायला निघाली. करवंदे जाळीतच राहिली.

खिंडीत सगळे विसावा घेत होते. साळूने धापा टाकत सारे सांगितले. तिच्या तोंडून 'घोणस' हा शब्द ऐकताच काकाने कान झाकले. आजोबांचे काटे रागाने ताठ उभे राहिले.

"तू लांबड्याशी बोललीस?"

"घोणसीशी. तिनं मला वाचवलं, आजोबा. तिनं आवाज दिला नसता तर आज मी नसते. उद्या पठारावर आपण पाय आपटत जाऊ या. आईला जर कुणी हे…"

"पुरे!" आजोबा गरजले. "काल जन्मलेल्या पोरीनं आम्हाला चालायला शिकवायचं? पठारावर एक जरी आवाज केलास, तर या कुटुंबाबरोबर पुन्हा चालायचं नाही. एकटी जा, एकटी ये. समजलं?"

एकट्या साळिंदराला या वाटेवर बिबट्या सोडत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होते. आत्या काहीतरी बोलायला गेली, पण तिलाही आजोबांनी पंजा उचलून गप्प केले. साळू आत्याच्या कुशीला टेकून बसली. आत्याला आता पायाखालचा दगड आणि दगडाची सावली वेगळी दिसत नव्हती. पठारावर दगडच दगड होते.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलली आणि पठार आले. कातळ अजून तापलेला होता. दूर खाली नदी चमकत होती. आजोबा चवड्यांवर पुढे झाले, त्यांच्या मागे काका, मग चाचपडत चाचपडत आत्या. साळू शेवटी होती. तिला फुरसे कुठेच दिसत नव्हते. तिला फक्त एक सपाट दगड दिसला. तो ती ओळखत होती. गेल्या वर्षी आई त्याच्याच शेजारी बसली होती.

आत्याने त्या दगडाच्या कडेला ठेवायला पाय उचलला.

साळूने आजोबांकडे पाहिले नाही. तिने मागचे दोन्ही पाय उचलून कातळावर दाणकन आपटले. पाय आपटताच तिचे सारे काटे फुलले आणि शेपटीचा खुळखुळा खळाखळा वाजला. त्या मुक्या पठारावर तो आवाज असा दुमदुमला, की काका जागच्या जागी खाली बसला.

"गप्प!" आजोबा किंचाळले. "कारटे, मारशील सगळ्यांना!"

पण त्यांच्या किंचाळण्यापाठोपाठ एक दुसराच आवाज येऊ लागला. "खर्र… खर्र… खर्र…" तो त्या सपाट दगडाच्या कडेतून येत होता. मातीच्या रंगाचे एक छोटे फुरसे तिथे अंगावर अंग घासत बसले होते, आत्याचा पाय जिथे पडणार होता अगदी तिथेच. आत्या तीन पायांवर थिजली.

"कोण ते?" फुरसे म्हणाले. "सांगून आलात, बरं केलंत. उजव्या अंगानं जा. डावीकडं माझी पिल्लं आहेत."

आत्याने उचललेला पाय हळूच मागे घेतला. "बरं हो, बाळा. उपकार झाले."

साळूने पुन्हा पाय आपटले. आता पठारभर उत्तरे येऊ लागली. इकडून खर्र, तिकडून खर्र. जिथून आवाज येई ती जागा टाळायची आणि जिथे शांत असेल तिथे पुन्हा पाय आपटून विचारायचे. जणू एखाद्या गल्लीतून जाताना प्रत्येक दारात खाकरत जावे आणि आतून कुणीतरी 'आहे हो घरात' म्हणावे.

"अगं पोरी," आत्या एकदम थांबून म्हणाली, "हे तर मीच तुला शिकवलं होतं! दुसऱ्याच्या दारात शिरताना पाय आपटावा…"

"…आणि शेपूट वाजवावी," साळू म्हणाली. "तूच शिकवलंस, आत्या. फक्त हे कुणाचं तरी दार आहे, हे आपल्याला माहीत नव्हतं."

मग आत्यानेही पाय आपटले. किती वर्षांनी तिचा खुळखुळा मोकळेपणी वाजला! काका उठला, त्याने आजोबांकडे पाहिले, साळूकडे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारल्याशिवाय स्वतःचे पाय आपटले. पुढे एकटे आजोबा उरले, चारी बाजूंच्या खर्र-खर्रमध्ये, चवड्यांवर. ते पुढेही जाईनात आणि मागेही येईनात.

साळूला त्यांना खूप काही सुनावता आले असते. ओठांवर आलेही होते. पण ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, मी आपटते. तुम्ही माझ्या पावलावर पाऊल ठेवा."

आजोबांनी ठेवले. नदीवर पोचल्यावर त्यांनी आधी साळूला पाणी प्यायला सांगितले आणि मगच स्वतः तोंड लावले. 'एकटी जा, एकटी ये' हे शब्द पुन्हा कुणी काढले नाहीत.

पाणी पिऊन झाल्यावर आत्या वर पठाराकडे बघत बसली. "वहिनीलाही असं वाजवत येऊ दिलं असतं तर…" ती पुटपुटली.

साळूच्या डोळ्यांत पाणी आले. ती आत्याला बिलगली. "आत्या, तू आहेस ना. आज मला तेवढं पुरे."

पहिल्या पावसाने झऱ्याला पुन्हा पाणी आले तेव्हा कुटुंब त्याच वाटेने परतले. पठार वाजत-गाजत पार झाले. करवंदाच्या जाळ्या आल्या, तसे आजोबा सर्वांत पुढे जाऊन थांबले. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग ते मोठ्याने खाकरले, दोनदा पाय आपटले आणि लाजत लाजत म्हणाले, "अहो… घोणसबाई! आम्ही निघालोय हो. येऊ का पुढं?"

जाळीतून फुस्स आवाज आला. "या की! पण जरा बेतानं आपटा. मी झोपले होते, मेले नव्हते!"

काका इतका हसला, की त्याचे डोके पुन्हा आपटले, या वेळी फांदीला. साळू जाळीजवळ गेली आणि वाकून म्हणाली, "घोणसबाई, त्या दिवशी तुमच्यामुळं मी वाचले आणि पठारावर माझी आत्या वाचली. तुमचे आभार मानायचे राहिले होते."

"माझेही राहिले होते," घोणस सरकून वाट देत म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून आता तुमचं अख्खं घर पाय वाजवत येतंय. या उन्हाळ्यात माझ्या पाठीवर कुणाचा पाय पडला नाही. जा, सुखाने जा. आणि हो, करवंदं खाऊन जा. त्या दिवशी तशीच टाकून गेलीस."

तात्पर्य : ज्याची भीती वाटते त्याच्या दारावरून चोरपावलांनी जाऊ नये, आपण आलो आहोत हे मोकळेपणाने सांगावे, आणि जो डसण्याआधी आवाज देतो, त्याला शत्रू न मानता त्याचे आभार मानावेत.