उघड्या मानेची कोंबडी

सागाच्या जंगलाला लागून एका माळावर कोंबड्यांचा कळप राहत असे. त्यात एक कोंबडी जन्मतःच उघड्या मानेची होती. छातीपासून डोक्यापर्यंत तिला पिसे नव्हती. कावळा तिला गिधाडाची मावशी म्हणे आणि सगळे हसत. तिला वाईट वाटे, पण ती मुकाट्याने दाणे टिपत राही. त्या वर्षी थंड डोंगरावरून एक झुबकेदार पिसांची कोंबडी कळपात आली. तिचे रूप पाहून म्हाताऱ्या कोंबड्याने ठरवले, की यंदा उबवायला हिचीच अंडी ठेवायची. उघड्या मानेच्या कोंबडीची अंडी झुडपात तशीच पडून राहिली आणि मुंगसाने नेली.

झुबकेदार कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली, आणि ऊन तापू लागले. मुलांनो, कोंबडी आपले दुखणे सहसा दाखवत नाही. कमजोर दिसली की इतर तिला टोचतात, हे तिला ठाऊक असते. हीसुद्धा गप्प होती. पण तिने सकाळपासून दाण्याला चोच लावली नव्हती, तुरा काळवंडला होता आणि चोच उघडी पडून धाप लागली होती. हे फक्त उघड्या मानेच्या कोंबडीच्या ध्यानात आले. ती जवळ जाऊन म्हणाली, "ऊठ बाई. ओढ्यात पाय बुडवून सावलीला बैस. अंडी मी बघते."

"तुझी तर त्यांनी ठेवलीसुद्धा नाहीत. मग माझी का बघतेस?"

"अंडी कुणाचीही असोत, ऊब एकच लागते."

झुबकेदार कोंबडी कशीबशी ओढ्यापर्यंत पोचली. गार पाण्याने तिच्या जिवात जीव आला. इकडे भर उन्हात दुसरी अंड्यांवर बसून होती. उघड्या मानेला वारा लागे, त्यामुळे तिला तो उन्हाळा सोसला. पुढे दोघी आळीपाळीने बसू लागल्या आणि पिल्ले सुखरूप बाहेर आली.

पण पिल्ले आईवर गेली होती. पुढचा उन्हाळा आला तेव्हा दाट पिसांखाली तीही धापा टाकू लागली. त्यांना ओढ्यावर नेता नेता आईचा जीव मेटाकुटीला आला. पुन्हा अंडी निवडायची वेळ आली, तेव्हा म्हातारा कोंबडा सवयीने तिच्याकडे वळला. ती म्हणाली, "आजोबा, या खेपेला माझी नकोत, तिची ठेवा. उबवायला मी बसते."

कोंबडा घुटमळला. तसली पिल्ले पाहून सगळे हसतील, असे त्याने सुचवून पाहिले.

"हसू देत," ती म्हणाली, "पण त्यांना श्वास तर घेता येईल."

उघड्या मानेची कोंबडी गवत गोळा करून घरट्यात पसरू लागली.

तात्पर्य : वाण निवडावे ते आपल्या ऊन-वाऱ्यात तगणारे, नुसत्या रूपाला भुलले, तर त्याचे हाल पुढच्या पिढीला सोसावे लागतात.