तिमय्याचा पहिला घाव

आमच्या उंबरखोरीत ही गोष्ट आजोळी आलेल्या पोरांना सांगतात, नव्या सुनांना सांगतात, आणि ज्यांना पाठ आहे त्यांनाही सांगतात. तुम्हीही ऐका.

फार वर्षांपूर्वी, गावात अजून सडक आली नव्हती तेव्हा, उंबरखोरी डोंगराच्या पोटाशी अशीच बसलेली होती. एकाच्या अंगणाखाली दुसऱ्याचं छप्पर. हातभर सपाट जागा हवी तरी खणावं लागे, आणि खणणारा मिळणं म्हणजे डोक्याला ताप. कुणी अर्धा खड्डा खणून दुसऱ्या गावच्या कामावर जाई, कुणी माती नेऊन दारातच टाकी. लोक इतके विटले होते, की खणणाऱ्याचं नाव काढलं तरी बायका कपाळाला हात लावत.

अशात तिमय्या वडार आला. हा माणूस हातातलं काम पुरं केल्याशिवाय दुसरं घेत नसे. पण सुरूच करत नसे, त्याचं काय करायचं? कुदळ खांद्यावर, आणि हा आपला अंगणात फिरतोय. मातीला कान लावून पडतोय. वीतभर खळगा करून त्यात घागरभर पाणी ओततोय आणि ते जिरेपर्यंत समोर बसून राहतोय. जमिनीच्या पोटातलं पाणी त्याला माणसाच्या बोलण्यासारखं ऐकू येई, असं म्हणतात. ऐकू येत असेल. पण घरमालकाचं बोलणं मात्र त्याला ऐकू येत नसे.

एका वर्षी पाऊस दिवाळी उलटली तरी हटला नव्हता. मार्गशीर्षात हैबती मोरण्याच्या लेकीचं, सगुणाचं लग्न ठरलं. मांडवाला अंगण पुरेना. मागचा डोंगर कापून अंगण वाढवायचं म्हणून हैबतीनं तिमय्याला बोलावलं. लग्नाला पंधरा दिवस होते.

पहिला दिवस फिरण्यात गेला. दुसरा कान लावण्यात. तिसऱ्या दिवशी तिमय्या पाण्याच्या खळग्यापुढे बसलेला पाहून हैबती भडकला.

"अरे, तुला खणायला बोलावलंय का ध्यान लावायला?"

"मालक, पाणी जिरंना," तिमय्या म्हणाला. "डोंगराचं पोट भरलंय. उभा कापला तर खाली बसंल. तीन पायऱ्या करू, दगडानं बांधून. महिना लागंल."

"महिना? वऱ्हाड काय तुझ्या डोक्यावर बसवू?"

"बसवा. पण डोंगूर उभा कापायचा न्हाई."

हैबतीनं त्याला हाकलून दिलं आणि घाटापलीकडची टोळी आणली. त्यांनी काही विचारलं नाही, कशाला कान लावला नाही. दोन दिवसांत डोंगर भिंतीसारखा उभा कापला आणि निघून गेले. अंगण इतकं ऐसपैस झालं, की हैबती सकाळ-संध्याकाळ त्यात नुसता चालून येई.

टोळी गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी त्या भिंतीतून पाणी फुटलं. आधी करंगळीएवढं, मग मनगटाएवढं. वरच्या फणसाच्या बुंध्याशी बैल जाईल एवढी भेग पडली. डोंगर घरावर येणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. वरची-खालची घरं रिकामी झाली, गुरं सोडली, आणि शेजारच्या गावात विहिरीसाठी अजून मातीला कान लावून पडलेल्या तिमय्याला धावत निरोप गेला.

तो आला. भेगेकडे पाहिलं, हैबतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाणी काढून दिलं तर डोंगूर थांबंल. चर अंगणातनं जाईल, खाली ठकूबाईच्या हळदीतनं थेट ओढ्यात. जा, तिला विचारून या."

ठकूबाई गुरवीण म्हणजे खालच्या घरातली विधवा. बांधावरून भांडण होऊन बारा वर्षं झाली होती; हैबती तिच्याशी बोलत नव्हता.

"अरे, डोंगर डोक्यावर आलाय! मार कुदळ! नाहीतर तूच विचार."

"अंगण तुमचं, पाणी तुमचं. ते तिच्या दारात सोडायचं, तर विचारायचं तुमी."

लोकांनी तिमय्याला शिव्या घातल्या, हात जोडले. तो कुदळीवर हात ठेवून उभा. शेवटी हैबती दात चावत खाली उतरला.

ठकूबाई घर सोडून गेलीच नव्हती. ओट्यावर उभी होती.

"बारा वर्षांनी वाट सापडली?"

वर माती ढासळल्याचा आवाज आला. "ठकूबाई," हैबती म्हणाला, "माझं चुकलं. तुझ्या हळदीतनं चर काढू का?"

ती आत गेली, तिची जुनी कुदळ घेऊन आली आणि स्वतःच्या उभ्या पिकात पहिला घाव तिनंच घातला.

मग तिमय्या खणायला लागला. ऊन अंगणात उतरलं तेव्हा सुरुवात केली आणि डोक्यावर आलं तेव्हा चर ओढ्याला लागला होता. दहा माणसांना दहा दिवसांचं काम. त्याची कुदळ येताना दिसली की दगड आपणहून कडेला सरत, असं म्हणतात. बायका पाट्या भरून दमल्या, तो दमला नाही. पाणी गर्जत ओढ्यात गेलं. डोंगरानं एक मोठा सुस्कारा सोडला, तो तीन गावांत ऐकू गेला. गोठ्याची मागची भिंत तेवढी मातीखाली गेली. माणूस, जनावर, कुणाला ओरखडाही आला नाही.

लग्न ठरल्या दिवशीच झालं, ठकूबाईच्या अंगणात. चरातून निघालेली कोवळी हळद तिनं स्वतः वाटली आणि सगुणाला लावली. हैबती मांडवाच्या खांबाला धरून लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर तिमय्यानं तीन पायऱ्या बांधल्या. महिना म्हणाला होता, दोन लागले. हैबती आतल्या आत चडफडला, पण अवाक्षर बोलला नाही.

पुढे तिमय्याचं काय झालं? कुणी म्हणतं, तो कोरड्या मुलखात विहीर खणायला उतरला तो अजून पाण्याशी बोलतोय. कुणी म्हणतं, चारचौघांसारखा म्हातारा होऊन गेला आणि ठकूबाई त्याच्या दिवसांना जाऊन आली. खरं काय ते तिमय्या जाणे, आणि सांगायला तोही वेळ लावील.

आता उंबरखोरीत जेसीबी येतो. तालुक्याचा ड्रायव्हर घाईत असतो. पण अंगण खणायचं तर मालकानं आधी खालच्या घरी जायचं, विचारायचं, आणि तिथल्या माणसानं वर येऊन कुदळीनं पहिला घाव घालायचा. याला तिमय्याचा घाव म्हणतात. खालच्या घराशी बोलणं नसेल, तर ते त्या दिवशी सुरू करावं लागतं. त्याला इलाज नाही. परवाच जेसीबी आला तेव्हा खालच्या घरची सरूआजी जेवायला बसली होती. ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न वाजवला. आजीनं ताक मागून घेतलं, सावकाश प्यायली, हात धुतले, आणि मग पदर खोचून चढण चढायला लागली.