खडकवेळच्या होड्यांवरची जत्रेतली अक्षरं

खडकवेळच्या बंदरात होड्यांवरची नावं पाहून पाहुणे हसतात. पोटं सुटलेली लाल अक्षरं, त्यांना पिवळी किनार, मात्रांना कोंबड्याचे तुरे. हसा खुशाल. जत्रेत खाज्याच्या दुकानावर असते तसलीच ही पाटी, आणि ती आली तिथूनच. पण बंदरावरचा माणूस त्या नावांकडे बघून हसत नाही.

माझ्या पणजोबांच्या काळची गोष्ट सांगतात. एका वादळात गावचा मचवा बुडाला आणि अकरा घरांतला एकेक माणूस गेला. एकाचंही प्रेत लागलं नाही. ज्याचं प्रेत लागत नाही तो पाण्यातच फिरतो. आपल्या घरची होडी ओळखली, तर तिच्यात बसून किनाऱ्याला येतो, असं आमच्याकडे मानतात. त्या अकरांत येसूबाय तांडेल या विधवेचा एकुलता मुलगा लवू होता. महिना झाला तरी त्याची काही चाहूल नाही, म्हणून ती बाबल चिताऱ्याकडे गेली. जत्रेतल्या पाट्या तोच रंगवायचा.

"माज्या झिलाक वाचूक येत नाय," ती म्हणाली. "पण खाज्याची पाटी तो लांबसून वळखता. तसलीच अक्षरां माज्या होडयेर काढ."

बाबलने होडीवर जत्रेच्या थाटात तिचं नाव, 'पावणाई', काढलं. येसूबायचा दीर ती घेऊन समुद्रात गेला. परतला तेव्हा जाळं रिकामं होतं, तरी होडी चार बोटं खोल बसली होती. येसूबायने वाळूत पेजेची वाटी ठेवली आणि कित्येक दिवसांनी स्वतःही जेवली. दुसऱ्या दिवशी होडी वीतभर खोल आली. पाचव्या दिवशी पाणी काठावरून आत येऊ लागलं.

"वैनी, ह्यां एकट्याचां वजन नाय," दीर म्हणाला.

खाजं बुडालेल्या सगळ्यांनीच खाल्लेलं, आणि वाचता एकालाही येत नव्हतं. काळोख्या पाण्यात ओळखीची पाटी दिसली, तिकडे सगळे आले. होडी बुडायची वेळ आली, तेव्हा उरलेल्या दहा घरांनी बाबलकडून आपापल्या होड्यांवर तसलीच नावं काढून घेतली. एकेक नाव पुरं झालं की ती होडी चार बोटं खाली जायची आणि पावणाई तेवढीच वर यायची, म्हणे. सारा गाव गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत होता. दहावी होडी बसली. आता पावणाई लवूच्या वजनाने चार बोटं खोल राहायला हवी होती. ती मोकळ्या होडीसारखी वर आली.

इथे मला दर वेळी थांबावं लागतं. दुसऱ्यांचे दहा आणले बिचारीने. पहिल्या दिवशीची पेज कुणी खाल्ली, देव जाणे.

येसूबाय बराच वेळ होडीची ओली बाजू चाचपत राहिली. मग म्हणाली, "बाबल, अक्षरां ल्हान पडली. मोठी काढ."

आजही त्या वादळाच्या तिथीला बाबलच्या घरचा माणूस पावणाईचं नाव नव्याने रंगवतो, दर वर्षी थोडं मोठं. होडी तीनदा बदलली. अक्षरं आता काठापासून तळापर्यंत पोचली आहेत, आणि निम्मी पाण्याखाली असल्याने किनाऱ्यावर उभं राहून ती कुणालाच लागत नाहीत. पाण्याखालून मात्र नाव अजून ओळखता येतं.