पायांचा वाटा

फार पूर्वी, जेव्हा मीठ टोपल्यांतून दारोदार विकायला यायचं, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या काठी एका गावात एक मीठ पिकवणारा राहत होता. घरात तो, त्याची बायको आणि मैनी नावाची त्यांची लहानशी मुलगी.

मीठ पिकवतात हे ऐकून हसू नका. भातासारखंच तेही पिकवावं लागतं. भरतीचं पाणी बांधाच्या तोंडातून आत घ्यायचं, वाफ्यांत पसरायचं आणि उन्हाने ते आटलं की खाली राहिलेलं मीठ लाकडी फावड्याने ओढून काढायचं. पण त्याच्या आधी खरं काम असतं. वाफ्याचा तळ असतो चिखलाचा. तो पायांनी तुडवून तुडवून अंगणासारखा टणक करावा लागतो. तळ कच्चा राहिला तर फावड्याबरोबर चिखल वर येतो आणि मीठ काळपट होतं.

नवरा तळ तुडवायचा आणि मीठ ओढायचा. बायको ते टोपल्यांत भरून वाफ्यांतून बांधावर आणायची, त्याच्या राशी करायची आणि उरल्या वेळात टोपली डोक्यावर घेऊन वरच्या गावांत जायची. तिथे मीठ देऊन तांदूळ आणायची, कधी सुकी मिरची, कधी थोडे पैसे. घर दोघांच्या कमाईवर चालायचं. पावसाळ्यात मात्र वाफे बुडतात, तेव्हा कमाई बंद आणि खाणं चालू.

म्हणून त्या गावात घरोघरी पैशांची तीन मडकी असत. मोठं मडकं पावसाळ्याचं, मधलं रोजच्या खर्चाचं आणि सगळ्यांत लहान मडकं पायांचं. मीठ न्यायला व्यापाऱ्याचं गलबत आलं आणि पैसे मिळाले की पहिली नाणी लहान मडक्यात पडायची. पायांनी कमावलं, तर पहिला घास पायांचा, असं ते लोक मानत.

याला कारण होतं. खारं पाणी पायांना सोडत नाही. टाचा भेगाळतात, भेगांत मीठ शिरतं आणि मग जी आग होते ती ज्याची त्यालाच ठाऊक. त्यावर औषध एकच, कोकमतेल. डोंगरातून एक म्हातारी त्याचे थिजलेले गोळे विकायला यायची. संध्याकाळी चुलीपाशी बसून गोळा थोडा वितळवायचा आणि नवराबायकोने एकमेकांच्या टाचांना चोळायचा, अशी रीत. आपली टाच आपल्याला नीट दिसत नाही, म्हणून एकमेकांच्या. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा हे ऐकून दुसऱ्या गावचे लोक तोंडाला पदर लावून हसत. या गावचे म्हणत, हसा बापडे, पण आधी तुमच्या आमटीत मीठ कोण घालतं ते सांगा.

तर अशा या सुखी घरात एका पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं. गवताचं छप्पर ते, गळायचंच. पण पाणी पडायचं नेमकं मैनीच्या अंथरुणावर. अंथरूण इकडे ओढलं की तिकडे गळायचं. पोरगी सगळा पावसाळा खोकत होती. आई तिला मांडीवर घेऊन बसायची आणि बाप दोघींच्या डोक्यावर इरलं धरून उभा राहायचा. खोकून खोकून मैनीचा जीव घाबरा व्हायचा.

"पुढच्या पावसाळ्याआधी घरावर कौलं चढली पाहिजेत," तो म्हणाला. "मग काही का होईना."

मिठाचा हंगाम सुरू झाला. पहिलं गलबत आलं, पैसे मिळाले. बायकोने सवयीने लहान मडकं पुढे ओढलं, तर नवऱ्याने त्याच्यावर हात ठेवला.

"या वर्षी हे मडकं कौलांचं," तो म्हणाला.

"आणि पायांचं काय?"

"अगं, पाय काय, पावसाळ्यात घरी बसलो की आपोआप बरे होतात. पोरीचा खोकला तसा बरा होणार आहे का?"

पोरीचं नाव काढल्यावर कुठली आई वाद घालेल? तिने मडकं मागे सरकवलं.

चार दिवसांनी डोंगरातली म्हातारी दारात येऊन बसली. "घे गो बाय, ताजे गोळे आणलेत."

बायको काही बोलायच्या आत नवरा बाहेर आला. "आजी, या वर्षी नको. जरा हात आखडता घेतलाय."

"नको तर नको," म्हातारी टोपली उचलत म्हणाली. "पण पायांना विचारलंस का रे बाबा?"

तो हसला. म्हातारीही हसली आणि पुढच्या घरी गेली.

लहान मडकं भराभर जड होऊ लागलं. तो रोज ते हातात घेऊन बघायचा आणि मनातल्या मनात कौलं मोजायचा. पाय भेगाळले, पण त्याला त्याचं जवळजवळ कौतुकच वाटायचं. पोरीसाठी आपण सोसतो आहोत, याचं एक सुख असतं आणि ते सुख माणसाला आंधळं करतं, हे मी तुम्हाला इथेच सांगून ठेवतो.

संध्याकाळी आता चुलीपाशी बसायला निमित्त उरलं नव्हतं. पूर्वी तेल चोळताना दिवसभराचं बोलणं व्हायचं. वरच्या गावात कोणी तांदूळ कमी मोजला, कोणाच्या बांधाला भगदाड पडलं, मैनीने काय उद्योग केले. आता दोघं जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची.

पुढे पुढे वाफ्यात पाय टाकला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तो टाच उचलून, चवड्यांवर भार देऊन तुडवायला लागला. चवड्यांनी कुठला तळ बसतोय! तो वरवर टणक दिसायचा आणि आत लोण्यासारखा मऊ राहायचा. मीठ ओढलं की चिखल वर यायचा. राशी उभ्या राहिल्या, पण राखेच्या रंगाच्या.

गलबत आलं. व्यापाऱ्याने मूठभर मीठ उचललं, तळहातावर पसरलं आणि नाक मुरडलं. "हे कोण घेणार? गुरांना चाटायला देतात, त्या भावात घेतो. नाहीतर राहू द्या."

देऊन टाकण्यावाचून इलाज नव्हता.

आता शहाणा माणूस असता तर काय करता? थांबता, विचार करता. पण आपला हा घाबरला. पावसाळा जवळ येतोय आणि पैसे कमी पडतायत, म्हणजे अजून वाचवलं पाहिजे, एवढंच त्याला सुचलं. त्याने रोजच्या खर्चाचं मडकंही आवळलं. मासळी बंद झाली. भाजीत तेल दिसेनासं झालं. बायकोला तो म्हणाला, "तू वरच्या गावात अजून एक खेप करशील का?"

"करीन," ती म्हणाली.

एके दिवशी दुपारी तो मिठाच्या राशीच्या सावलीत टेकला होता. राशीच्या पलीकडे मैनी शेजारच्या मुलीबरोबर घर-घर खेळत होती. डोक्यावर नारळाची करवंटी घेऊन शेजारची मुलगी आई झाली होती आणि ऐटीत चालत होती.

"अशी नाही गो!" मैनी ओरडली. "आई अशी चालते." आणि तिने करवंटी आपल्या डोक्यावर घेतली, पावलं तिरकी केली आणि तळव्यांच्या कडांवर, ओठ घट्ट मिटून, दर पावलाला थांबत थांबत ती चालून दाखवू लागली.

"अशी का चालते?" मैत्रिणीने विचारलं.

मैनीला हा प्रश्नच कळला नाही. "आया अशाच चालतात," ती म्हणाली. "आणि बाबा असे चालतात, बदकासारखे. काय झालं विचारलं तर म्हणायचं, काही नाही, खडा रुतला."

दोघी खिदळल्या. राशीच्या अलीकडे बाप मात्र बसल्या जागी थिजला.

आपले पाय दुखतात हे त्याला माहीत होतं. आपण सोसतो आहोत हेही माहीत होतं. पण ज्या मिठात तो उभा असे, त्याच मिठातून ती टोपल्या वाहते, आणि वर कोसभर खडकाळ वाट तुडवते, हे इतके दिवस रोज डोळ्यांसमोर असून त्याच्या मनात आलं नव्हतं. लहान मडक्यातला अर्धा वाटा तिचा होता. तो त्याने तिला न विचारता कौलांना देऊन टाकला होता.

बायको खेप करून आली. त्याने तिच्या डोक्यावरची टोपली उतरवली आणि म्हणाला, "बस. पाय दाखव."

तिने लुगड्याचा काठ खाली ओढला. "काय बघायचंय त्यात? खडा रुतलाय."

"मीही मैनीला हेच सांगतो," तो म्हणाला.

मग तिने पाय पुढे केले. टाचा उन्हात तडकलेल्या तळ्यासारख्या झाल्या होत्या आणि भेगांच्या कडा लाल होत्या. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही सोसत होतात पोरीसाठी. मग मी कशी बोलू?"

"मला वाटलं, मीच एकटा सोसतोय."

"तुम्हाला तसं वाटलेलं मला चालत होतं," ती म्हणाली. "तुम्ही तेवढे खूष तरी होतात."

तो उठला आणि लहान मडकं घेऊन आला. बायकोने त्याचा हात धरला. "अहो, पावसाळा तोंडावर आलाय. कौलं झाली नाहीत तर मैनीचा खोकला?"

प्रश्न खरा होता. दोन्हीकडे पोर होती. तेल घेतलं, पायांना विसावा दिला तर कौलांचे पैसे जाणार, आणि नाही दिला तर पुढचं मीठही काळंच निघणार. तो मडकं हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ती खोकायला लागली तर तिला मांडीवर घ्यायला तू हवीस आणि इरलं धरून उभं राहायला मला पाय हवेत. कौलं होतील तेव्हा होतील."

तो तसाच लंगडत डोंगर चढून म्हातारीच्या झोपडीवर गेला.

"ये रे बाबा," ती म्हणाली. "एकाला पुरतील एवढे गोळे देऊ की दोघांना?"

"दोघांना," तो म्हणाला.

म्हातारीने मोठे मोठे गोळे निवडून पानात बांधून दिले. शहाणपण सांगायची तिला चांगली संधी होती, पण बिचारीने सांगितलं नाही.

भेगा मिटेपर्यंत दोघांनी खाऱ्या पाण्यात पाऊल टाकलं नाही. तोवर घर कौलांसाठी साठवलेल्या पैशांवर चाललं. हे सोपं नव्हतं. बाहेर लख्ख ऊन, शेजाऱ्यांच्या राशी वाढताना दिसत होत्या आणि हा घरात पाय पसरून बसलेला. सारखा उठू बघायचा. बायको दटावायची, "बसा मुकाट्याने!" मैनीला तर सणच वाटला. आई घरी, बाबा घरी आणि संध्याकाळी चुलीपाशी पुन्हा गप्पा. तिने दोघांच्या टाचांना तेल लावायचं काम स्वतःकडे घेतलं आणि अर्धं तेल जमिनीला लावलं. तिला कोणी रागावलं नाही.

मग दोघं वाफ्यात उतरली. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, पूर्ण टाच टेकवून त्यांनी सगळा तळ नव्याने तुडवला. पाणी आत घेतलं. ते आटलं तेव्हा खाली जे मीठ राहिलं ते बघून शेजारपाजारचे लोक बांधावर गोळा झाले, इतकं ते पांढरं होतं.

शेवटचं गलबत आलं. व्यापाऱ्याने मीठ तळहातावर घेतलं आणि या वेळी नाक मुरडलं नाही. त्याने चांगला भाव दिला. पण हंगाम संपत आला होता आणि राशी थोड्याच होत्या. पहिली नाणी पायांच्या मडक्यात पडली, मग पावसाळ्याच्या, मग रोजच्या. उरलं ते घेऊन तो कौलं आणायला गेला. त्यात अर्ध्या घरापुरतीच कौलं आली.

पाऊस लागला. एका संध्याकाळी बाहेर तो धो धो कोसळत होता. घराच्या गवताच्या भागात पाणी टपटपत होतं आणि कौलांच्या भागात सगळा संसार दाटीवाटीने बसला होता. चूल तिथेच, तांदळाचं पिंप तिथेच, शेळीही तिथेच. हात लांब केला तर कोणाला तरी लागायचा. मधोमध कोरड्या अंथरुणावर मैनी पसरली होती. तिला खोकला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तिकडेपण कौलं घालणार?"

"घालणार तर! सगळं घर कोरडं करणार."

मैनीने जरा विचार केला. "नका घालू."

"का गो?"

"मग तुम्ही दोघं पुन्हा लांब लांब झोपाल."

आई चुलीतली लाकडं सारत होती, तिचा हात थांबला. बापाने मैनीला उचलून मांडीवर घेतलं आणि बायकोला जवळ बसायला जागा करून दिली. तिघं तशीच दाटून बसली. पाऊस पडत राहिला.

तात्पर्य, लहानांसाठी आणि मोठ्यांसाठीही एकच: घरासाठी पैसा जरूर वाचवावा, पण तो घरातल्या माणसांच्या अंगातून काढू नये, आणि आपण सोसतो आहोत असं वाटलं की शेजारी कोण सोसतंय ते आधी बघावं.