चाळीस नोटिसा

विडी कामगार बायकांच्या गृहनिर्माण संस्थेची चाळीस घरे उभी राहिली, पण नगरपालिका नळ देईना. तिथले अधिकारी खरमाटे साहेब म्हणायचे, "तिथे कोणी राहतं याचा सरकारी कागद आणा."

एकदा साहेबच संस्थेच्या सचिव यल्लूबाई कोडम यांच्या दारात आले. "रहिवासी रस्त्यावर कचरा टाकतात. ही नोटीस घ्या."

यल्लूबाई म्हणाल्या, "एका कागदाला कोण भितंय? घरटी नावानिशी द्या."

साहेबांनी खुशीने चाळीस नोटिसा सही-शिक्क्यानिशी धाडल्या. यल्लूबाईंनी रस्ता झाडून घेतला आणि त्याच नोटिसा नळाच्या अर्जाला जोडल्या.

"साहेब, आम्ही इथं राहतो, असं तुम्हीच लिहून दिलंय."

साहेबांनी आपली सही दोनदा पाहिली आणि अर्ज मंजूर केला. नळाच्या पहिल्या पाण्याचा चहा यल्लूबाईंनी त्यांनाच पाजला.